गावाला कळवायचं काम

इदलिना बोर्बाला तिच्या नवऱ्याने जन्मभर एकच गोष्ट सांगितली, "अगं, तोंडाला जरा विश्रांती दे." आर्तूर बिचारा अबोल माणूस. त्याचा दिवस गोठ्यातल्या गाईंबरोबर जायचा आणि गाई काही उलट बोलत नसत. इदलिनाची गोष्ट वेगळी. ती तीस वर्षं टूली बेंड गावातल्या पशुखाद्याच्या दुकानात गल्ल्यावर बसली होती. कुणाची गाय व्यायली, कुणाच्या मुलीने साखरपुडा मोडला, कुणी बदामाची बाग विकून नेवाडात घर घेतलं, सगळं त्या गल्ल्यावरून पुढे जायचं. गावात लहानथोर तिला 'तिया', पोर्तुगीजमध्ये मावशी, म्हणत, आणि एखादी बातमी लवकर पसरावी असं वाटलं तर छापून आणण्यापेक्षा तियाच्या कानावर घालणं स्वस्त पडतं, असंही म्हणत.

आर्तूर गेला. दुकानही नव्या मालकाने घेतलं. तिया सत्तरीला आली, पण बोलणं काही उतरलं नाही. त्याच सुमारास कॉलेजच्या मतदानाचा विषय निघाला.

टूली बेंड कॉलेज हे गावाचं सरकारी कॉलेज. इमारती जुन्या झालेल्या. त्या दुरुस्त करायला कर्जरोखे काढायचे आणि ते फेडण्यासाठी घरपट्टी थोडी वाढवायची, याला गावाने होकार द्यायचा की नाही, असं ते मतदान होतं. इदलिनाने होकाराची बाजू घेतली. रविवारची प्रार्थना संपली की ती चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहायची आणि एकेकाची बाही धरायची.

"हो म्हण बरं का! वेल्डिंगची शेड गळतीये. तुझ्या गोठ्याचं फाटक मोडलं की कुणाकडे नेतोस? त्या शेडमध्ये शिकलेल्या पोराकडेच ना?"

"पण तिया, घरपट्टी वाढणार."

"वाढू दे. छप्पर होणार. मी सांगते ना!"

चर्चसमोरच्या रस्त्याच्या पलीकडे 'नाही म्हणा' असं लिहिलेली पाटी घेऊन वॉरन हॉलिस उभा असायचा. तो करदात्यांच्या संघटनेचा माणूस. निवृत्त विमा एजंट, काटकुळा, चेहरा कायम लिंबू चावल्यासारखा. तिया त्याला रस्त्यावरून ओरडून सांगायची, "मिस्टर हॉलिस, उन्हात उभे राहू नका, आधीच वाळलात!" तो पाटी थोडी उंच धरायचा. एवढंच त्याचं उत्तर.

होकार जिंकला. तियाने त्या रात्री गावातल्या पोर्तुगीज लोकांच्या हॉलमध्ये नाच केला.

अशा रोख्यांच्या पैशावर नजर ठेवायला सामान्य नागरिकांची समिती नेमावी लागते, असा कायदा आहे. सात जण. त्यात एक व्यापारी, एक विद्यार्थी, एक करदात्यांच्या संघटनेचा, एक ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचा, असे ठरलेले. पगार नाही, भत्ता नाही. त्याच हॉलमध्ये दर बुधवारी म्हाताऱ्यांचं जेवण असतं, ते चालवणाऱ्या मंडळाची तिया अध्यक्ष होती. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा बाकीच्या बायकांनी एकसुरात सांगितलं, "तू जा. आम्हाला त्या दिवशी शांतपणे पत्ते खेळता येतील."

पहिल्या सभेला तिया गुडघ्यांचं दुखणं विसरून, मोत्यांची माळ घालून गेली. लांबलचक टेबल, सात खुर्च्या, सात नावांच्या पाट्या. खुर्च्यांवर माणसं तीन. ती स्वतः, वॉरन हॉलिस, आणि विद्यार्थ्यांची प्रतिनिधी आरासेली. आरासेली विद्यार्थिनी म्हणजे काही कोवळी पोर नव्हती. चौतिशीची, दोन मुलांची आई, आधी फळं भरण्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर काम करणारी. आता वेल्डिंग शिकत होती.

समोर कॉलेजची उपाध्यक्ष कोरीन मात्तोस पडद्यावर तक्ते लावून तयार होती. कोरीन गावातलीच. तिची आई ओदेत आणि तिया चर्चच्या वेदीवरची फुलं आळीपाळीने लावायच्या. कोरीनचे दुधाचे दात पडलेले तियाने पाहिले होते.

"कोरम नाही," कोरीन घड्याळ पाहत म्हणाली. "चार जण लागतात. आज सभा होऊ शकणार नाही, मिसेस बोर्बा."

"मिसेस बोर्बा कोण गं? माझी सासू आलीये का?"

कोरीन लाजली. "इथे तसंच म्हणावं लागतं, तिया."

वॉरन कागद आवरत होता. "सवय करून घ्या," तो म्हणाला. "कोरम होणारच नाही. समिती आहे, हे दाखवता येतं आणि समिती काही विचारत नाही. सगळ्यांची सोय."

"मी मुद्दाम कुणाला येऊ नका म्हटलेलं नाही, मिस्टर हॉलिस," कोरीनचा आवाज चढला.

"या असंही कुणी म्हटलेलं नाही."

दुसऱ्या वेळीही तेच झालं. तीन माणसं, चार रिकाम्या खुर्च्या आणि परत घरी. तियाला मोत्यांची माळ दोनदा फुकट गेल्याचा राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सार्गिस योनानच्या फरशीच्या दुकानात जाऊन बसली. सार्गिस व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी. गोरागोमटा, पोट सुटलेला असीरियन वंशाचा माणूस. एकाही सभेला आला नव्हता.

"तिया, फरशी बघायची का?"

"तुला बघायला आले. समितीवर नाव आहे ना तुझं?"

"अहो, कंटाळवाणं असतं ते. तक्ते दाखवतात. मी पहिल्या तक्त्याला झोपतो."

"झोप की! कायद्यात सदस्य जागा पाहिजे असं कुठे लिहिलंय? हजर पाहिजे एवढंच. आणि मी गोड पाव करून आणणारे. अंड्याचा, लोणी घालून."

सार्गिसने पोटावर हात ठेवला. "कधी आहे सभा?"

पावाने काम केलं. तिसऱ्या सभेला सार्गिस आला. पावाची गोष्ट त्याच्याकडून पसरली आणि पुढच्या वेळी आणखी दोघं आली. समिती खऱ्या अर्थाने भरू लागली. वॉरन पाव खायचा नाही. "कॉलेजच्या टेबलावर फुकट खाल्लं असं व्हायला नको," म्हणायचा. मग तियाने त्याचा तुकडा कागदात बांधून त्याच्या गाडीच्या टपावर ठेवायला सुरुवात केली. गाडी त्याची स्वतःची होती, त्यामुळे तिथे त्याला हरकत घेता येईना.

त्या दोघांचं जमलं ते डोनटच्या दुकानात. तक्त्यातलं तियाला कळायचं नाही. वॉरनला सगळं कळायचं, पण समजावून सांगायला कुणी मिळायचं नाही. म्हणून मंगळवारी सकाळी ते दोघं आणि आरासेली कॉफी घेत बसत. एकदा बोलणं रंगात आलं असताना सार्गिस दारातून आत शिरला आणि खुर्ची ओढू लागला. वॉरन ताडकन उठला.

"अहो, बसा ना!" सार्गिस म्हणाला.

"चार झाले! चौघांनी समितीबद्दल बोललं की ती सभा होते. सभेची सूचना तीन दिवस आधी लावावी लागते."

"मी डोनट घ्यायला आलोय!"

"मग डोनटबद्दल बोला," असं म्हणून वॉरन कॉफीचा पेला घेऊन बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला. काचेतून तो दिसत होता, थंडीत कुडकुडत, पण कायदा पाळत. तिया इतकी हसली की तिला ठसका लागला. तरी घरी जाताना तिच्या मनात आलं, हा माणूस कोणी पाहत नसतानाही असाच वागत असेल.

आरासेलीनेच शेडचा विषय काढला. "तिया, तक्त्यात सगळं हिरवं, म्हणजे ठीक दाखवतात. आमच्याकडे एकदा या ना."

पुढच्या सभेत तियाने पाहणीची मागणी केली. कोरीन लगेच तयार झाली. डिसेंबरचा महिना, सकाळी दाट धुकं आणि वर पावसाची रिपरिप. कोरीनने सगळ्यांना आधी कॉलेजच्या नव्या स्वागत-भवनात नेलं. काचेच्या उंच भिंती, बसायला मऊ कोच, दारात पाण्याचं कारंजं. सार्गिस वाकून फरशीला हात लावू लागला. "उत्तम माल आहे," म्हणाला.

"सुंदर आहे गं," तियाही म्हणाली, कारण ते खरंच सुंदर होतं. "आता शेड दाखव."

कोरीनचा चेहरा किंचित उतरला, पण तिने नाही म्हटलं नाही. पावसातून सगळे मागच्या बाजूला गेले. वेल्डिंगच्या शेडमध्ये जागोजागी बादल्या ठेवल्या होत्या. एका कोपऱ्यात यंत्रांवर प्लास्टिकचं कापड टाकलेलं होतं. विद्यार्थी निम्म्या जागेत दाटीवाटीने उभे होते.

"पाऊस असला की ती चार यंत्रं बंद ठेवतो," आरासेली म्हणाली. "पाणी आणि वीज, नको ते दुखणं. मग आम्ही पाळीने शिकतो."

"शेड तिसऱ्या टप्प्यात आहे," कोरीन हळू आवाजात म्हणाली. "स्वागत-भवन पहिल्या टप्प्यात होतं. मतदानाच्या पुस्तिकेत दोन्ही आहेत. क्रम विश्वस्तांनी ठरवला. बेकायदा काही नाही."

"तिसरा टप्पा म्हणजे कधी?"

"पैसे उरले तर... पाच-सहा वर्षांनी."

वॉरनने तियाकडे पाहिलं. आता हा 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणणार, असं तिला वाटलं. तो काहीच म्हणाला नाही आणि तेच तिला जास्त लागलं. चर्चच्या पायऱ्यांवर धरलेली एकेक बाही तिला आठवली. छप्पर होणार, मी सांगते ना! कॉलेजने शब्द मोडला होता की नाही कोण जाणे, तिचा मात्र मोडला होता.

सभेत तिने कॉलेजच्या वकिलाला सरळ विचारलं, "आम्ही क्रम बदलू शकतो का?"

"नाही."

"पैसे अडवू शकतो?"

"नाही, मॅडम."

"मग आम्ही करू काय शकतो? पाव खाणं सोडून?"

वकिलाने कायद्याची प्रत उघडली. "खर्चावर लक्ष ठेवणं आणि जनतेला माहिती देणं."

"परत वाचा बरं ते."

"जनतेला माहिती देणं."

"म्हणजे गावाला सांगणं? हे कायद्यात लिहिलंय? सांगितलंच पाहिजे म्हणून?"

"हो."

इदलिना बोर्बा खुर्चीत मागे टेकून बसली. सत्तर वर्षं ज्यावरून बोलणी खाल्ली, ते काम सरकारने तिच्यावर सोपवलं होतं. "आर्तूर पाहिजे होता आज," ती म्हणाली.

पण तिथेच तिचं चुकलं. गावच्या रेडिओवर रविवारी सकाळी 'पोर्तुगीज तास' हा कार्यक्रम असतो. संतांच्या उत्सवांच्या घोषणा, वाढदिवस, चाऱ्याच्या जाहिराती आणि मध्ये मध्ये गाणी. निवेदक तियाचा भाचेजावई. त्याने माईक दिला आणि तियाला स्फुरण चढलं. बादल्यांपासून सुरुवात केली, कारंज्यापर्यंत पोचली, आणि बोलण्याच्या भरात म्हणून गेली, "आपले पैसे खाल्ले हो! कारंज्याच्या नावाखाली खाल्ले!"

दुपारपर्यंत गावभर झालं. कोरीन मात्तोसने पैसे खाल्ले. नव्या गाडीचा विषय निघाला, तिच्या नवऱ्याच्या होडीचा विषय निघाला. होडी भाड्याने आणलेली होती, पण ते ऐकायला कोण थांबतं?

सोमवारी वॉरन तियाच्या दारात उभा. आत या म्हटलं तरी आला नाही.

"मिसेस बोर्बा, मी सगळी बिलं पाहिलीत. एकेक. मला त्या कॉलेजबद्दल प्रेम नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण एक सेंटही कुणी खाल्लेला नाही."

"अहो, बोलण्यात येतं तसं..."

"तुमच्या बोलण्यात येत असेल. समितीच्या नको." तो वळला आणि पुन्हा फिरला. "मी आयुष्यात कुणावर खोटा आरोप केला नाही. त्या 'हो' वाल्यांवरसुद्धा."

तो गेल्यावर तियाने कोरीनच्या आईला, ओदेतला फोन लावला. ओदेतने नाव ऐकून फोन ठेवला. चाळीस वर्षांची मैत्री. तियाने जेवण केलं नाही. संध्याकाळी ती चालत कोरीनच्या घरी गेली. कोरीनने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"तिया, शेजारची बाई मला दुकानात विचारते, होडी केवढ्याची?"

"चुकलं गं माझं."

"तुमचं नेहमी असंच. सगळे हसतात आणि सोडून देतात, तिया ना, बोलणारच. माझी नोकरी आहे ही."

तियाने मान हलवली, ते खरंच होतं. मग ती म्हणाली, "रविवारी ऐकशील का रेडिओ? ऐकून तुला योग्य वाटलं तर मला क्षमा कर. नाही वाटलं तर करू नकोस."

रविवारी ती पुन्हा माईकसमोर बसली. या वेळी भाचेजावई जरा धास्तावलेलाच होता.

"मी इदलिना बोर्बा. मागच्या रविवारी मी म्हणाले, पैसे खाल्ले. ते खोटं होतं. मी न पाहिलेलं बोलले. कुणी काही खाल्लेलं नाही. वॉरन हॉलिसने बिलं पाहिलीत, आणि वॉरन हॉलिसला चूक सापडली नाही म्हणजे ती नाहीच, हे तुम्हालाही कळतं. कोरीन मात्तोसची मी इथे सगळ्यांदेखत माफी मागते. होडी भाड्याची आहे." इथे तिने श्वास घेतला. "आता पाहिलेलं सांगते. स्वागत-भवन झालंय. सुंदर आहे. वेल्डिंगची शेड गळतीये. बाहेर पाऊस पडतोय. माझ्यावर विश्वास ठेवू नका, तो हक्क मी घालवलाय. तुम्हीच जाऊन बघा. कॉलेज आपलं आहे."

एवढंच बोलून ती थांबली. भाचेजावयाला वाटलं, तिची तब्येत बिघडली.

प्रार्थना संपल्यावर लोक चर्चमधून निघाले आणि गाड्या घराकडे वळण्याऐवजी कॉलेजकडे वळल्या. आधी पाच-सहा, मग रांगच लागली. इस्त्रीचे कपडे घातलेले गवळी, उंच टाचांच्या बायका, डोक्यावर छत्र्या. शेडला कुलूप. सगळे पावसात उभे. तिया गर्दीत मागे, मान खाली घालून. तेवढ्यात कोरीनची गाडी आली. ती उतरली, गर्दीतून वाट काढत गेली आणि स्वतःच्या किल्लीने दार उघडलं.

"या," ती म्हणाली. "सांभाळून, जमीन ओली आहे."

लोक आत शिरले. बादल्यांमध्ये थेंब पडत होते, त्याचाच आवाज. एका म्हाताऱ्या गवळ्याने वर छपराकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या वासरांना यापेक्षा बरं छप्पर आहे." मग सगळे हसले, कोरीनसुद्धा. ओदेत मुलीच्या शेजारी उभी होती. तिने तियाकडे पाहिलं नाही, पण आपली छत्री थोडी तिच्या बाजूला कलती केली.

वॉरनही आला होता. तो दाराबाहेरच थांबला. आत समितीचे तिघं आधीच होते.

वार्षिक अहवाल त्या वर्षी समितीने स्वतः लिहिला. आधीच्या अहवालात हसणाऱ्या विद्यार्थ्यांचे फोटो असायचे. या वेळी वॉरनने आकडे लिहिले, आरासेलीने शेडबद्दल लिहिलं, आणि तियाने ते वाचून प्रत्येक वाक्याला विचारलं, "हे कुणी पाहिलंय?" ज्याला उत्तर मिळालं नाही ते खोडलं. सार्गिस सभा संपेपर्यंत जागा राहिला आणि हात वर करून मत दिलं. अहवाल छापून द्यायचं काम कायद्याने कॉलेजचंच. कोरीनने तो इंग्रजी, स्पॅनिश आणि पोर्तुगीज अशा तिन्ही भाषांत छापला. पोर्तुगीज तिच्या आईने तपासलं.

विश्वस्तांच्या सभेला एरवी लोकांसाठी ठेवलेल्या चारच खुर्च्या भरायच्या. अहवाल मांडला त्या दिवशी माणसं भिंतीला टेकून उभी होती. विश्वस्त निवडून आलेले असतात, त्यामुळे त्यांना भिंतीला टेकलेली माणसंही दिसतात. शेड दुसऱ्या टप्प्यात आली आणि उन्हाळ्यात काम सुरू झालं. कामावर देखरेख म्हणून तिया इतक्या वेळा जाऊन बसायची की ठेकेदाराने तिला नावासकट शिरस्त्राण करून दिलं.

नव्या शेडच्या उद्‌घाटनाला कोरीनने तियाला दोन शब्द बोलायला बोलावलं. ती नेहमीप्रमाणे लांबली. लोकांनी टाळ्या वाजवून तिला खाली बसवलं. आरासेलीने पास झाल्यावर एका दूधसंघात नोकरी धरली होती. ती कामाच्या कपड्यांतच आली आणि तियाला कडकडून भेटली. तियाच्या पांढऱ्या झग्यावर काजळीचे ठसे उठले, ते तिने सगळ्यांना दाखवले.

कार्यक्रमानंतर ती आणि वॉरन पार्किंगमध्ये उभे होते. मधल्या काळात ती त्याला वॉरन म्हणू लागली होती. तो अजून मिसेस बोर्बाच म्हणायचा.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "पुढच्या निवडणुकीत पुन्हा रोखे आणणार आहेत. विज्ञानाची इमारत."

"चांगलं आहे. जुनी पडायला आलीये."

"मी 'नाही'ची पाटी रंगवायला टाकलीये."

"आणि मी चर्चच्या पायऱ्या धरणार. इमारत आतून बघून घेते आधी."

"गुरुवारी बघू. दोघंच जाऊ, म्हणजे सभा होणार नाही."

"दोघंच? गाव काय म्हणेल, वॉरन?"

वॉरन हॉलिसचे कान लाल झाले. त्याने गाडीचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "गावाला तुम्हीच कळवा."